सेल नवा, तरी गाडी म्हणते ‘की नॉट डिटेक्टेड’: दोष नेमका कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाच वर्षं जुनी ऑटोमॅटिक गाडी, पुश बटण स्टार्ट. हँडलवरचं काळं बटण दाबलं की दार कधी उघडतं, कधी नाही. चावीवरचं अनलॉकचं बटण दाबलं तर मात्र लगेच उघडतं. आत बसून स्टार्ट दाबलं की अधूनमधून ‘की नॉट डिटेक्टेड’ असा मेसेज येतो, दोन-तीनदा दाबल्यावर गाडी चालू होते. चावीतला सेल बदलून झाला, फरक नाही. वर्कशॉपने कीलेस मॉड्यूल, म्हणजे चावी ओळखणारा गाडीतला कंप्युटर, बदलायला सांगितलंय. बदलावं का?

आत्ता नको. तुम्ही जी लक्षणं दिली आहेत त्यांवरून मॉड्यूल हा संशयितांच्या यादीत बराच खाली येतो. वर काय येतं ते कळण्यासाठी ही यंत्रणा बोलते कशी, ते आधी समजून घ्या. बाहेरून सगळं एकच वाटत असलं तरी चावी आणि गाडी एकमेकींशी तीन वेगवेगळ्या वाटांनी बोलतात, आणि यातली कुठली वाट तुटली हे घरच्या घरी, एक रुपया खर्च न करता कळू शकतं.

पहिली वाट चावीवरच्या बटणांची. तुम्ही बटण दाबता, चावी रेडिओ संदेश पाठवते, गाडी तो ऐकते. एकतर्फी काम. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांत हा संदेश ४३३.९२ मेगाहर्ट्झवर जातो आणि मोकळ्या जागेत दहा-वीस मीटरवरून सहज पोचतो.

दुसरी वाट हँडल आणि स्टार्ट बटणाची. इथे सुरुवात गाडी करते. हँडलचं बटण दाबलं की गाडी आपल्या अँटेनांमधून साधारण १२५ किलोहर्ट्झवर, म्हणजे अगदी कमी फ्रिक्वेन्सीवर हाक मारते. ही हाक मुद्दामच जेमतेम मीटरभर पोचेल अशी ठेवलेली असते, कारण चावी आत आहे की बाहेर, ड्रायव्हरच्या दाराशी आहे की डिकीशी, हे गाडीला ठरवायचं असतं. चावीच्या आत एक छोटी कॉइल ही हाक सतत ऐकत बसलेली असते. हाक ऐकली की चावी जागी होते आणि उत्तर देते ते पुन्हा त्याच ४३३ मेगाहर्ट्झवर.

तिसरी वाट इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची. चावीतली चिप स्टार्ट बटणाजवळच्या कॉइलमधून ऊर्जा घेऊन आपली ओळख सांगते. हिला सेल लागतच नाही, पण अंतर चालतं ते दोन-तीन सेंटिमीटर. सेल पूर्ण मेला तरी चावी बटणाला टेकवून गाडी चालू होते ती यामुळे.

आता तुमच्या गाडीकडे बघा. चावीची बटणं चालतात, म्हणजे चावीचं बोलणं आणि गाडीचं ऐकणं दोन्ही ठीक आहे. अडतंय ते गाडीची हाक चावीपर्यंत पोचण्यात. म्हणजे हाक मारणारी अँटेना, हाक ऐकणारी चावीतली कॉइल, किंवा मध्ये गोंधळ घालणारी तिसरीच वस्तू. तपासणी या तिघांभोवती फिरवायची.

सुरुवात दुसऱ्या चावीने करा. गाडीबरोबर दोन चाव्या मिळतात आणि एक वर्षानुवर्षं कपाटात पडून असते. तिच्यातही नवा सेल घाला. नेहमीची चावी घरात ठेवा, खिशात किंवा पर्समध्ये नको, नाहीतर कुठल्या चावीने उत्तर दिलं ते कळणार नाही. दोन-तीन दिवस फक्त दुसरी चावी वापरा. तक्रार गेली तर दोष पहिल्या चावीत आहे, गाडीत नाही. हँडलला उत्तर न देणारी पण बटणं चालणारी चावी म्हणजे बहुतेक वेळा आतल्या कॉइलचा टाका, म्हणजे सोल्डरचा जोड, सुटलेला असतो. चावी फरशीवर आपटणं हे याचं नेहमीचं कारण. सर्किट बोर्डवर चौकोनी, वाटाण्यापेक्षा थोडा मोठा काळा भाग दिसतो, तीच ती तीन दिशांनी ऐकणारी कॉइल. तिच्या कडेचे टाके भिंगाखाली बघितले तर केसाएवढी भेग दिसू शकते. चांगला चावीवाला किंवा मोबाइल दुरुस्त करणारा हे काम सूक्ष्म सोल्डरिंगने करून देतो. कॉइलच तडकली असेल तर तोच भाग बदलावा लागतो.

दोन्ही चाव्यांना तोच त्रास असेल तर गाडीतला पसारा आधी हटवा. यात सगळ्यात वरचा गुन्हेगार म्हणजे मोबाइलचा वायरलेस चार्जर. बहुतेक वायरलेस चार्जर साधारण १०० ते २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात, आणि गाडीची हाक १२५ वर. एकाच खोलीत कुणी मोठ्याने ढोल वाजवत असताना कुजबुज ऐकण्यासारखं आहे ते. चावी चार्जिंग पॅडवर किंवा शेजारच्या खणात ठेवायची सवय असेल तर ती आधी मोडा. त्यानंतर बारा व्होल्टच्या सॉकेटमधला स्वस्त मोबाइल चार्जर, डॅशकॅमचा ॲडाप्टर, लॅपटॉपसाठीचा इन्व्हर्टर, नंतर बसवलेली एलईडी पट्टी, हे सगळं काढून ठेवा. एकेक नको, सगळं एकदम काढा; त्रास थांबला तर मग एकेक परत जोडा. चावी मोबाइलला चिकटून एकाच खिशात असते का, तेही बघा.

आणि कव्हर. बाजारात चावीसाठी जस्ताच्या मिश्रधातूची चकचकीत कव्हरं मिळतात. दिसायला छान, पण चुंबकीय हाक अडवायला धातूची चौकट पुरेशी असते, आणि मीटरभराची रेंज वीतभरावर येते. सिलिकॉनचं कव्हर सिग्नल अडवत नाही, पण घट्ट असेल तर एखादं बटण सतत दाबलेलं राहतं आणि नवा सेल काही आठवड्यांत संपतो. चाचणी करताना चावी नागडीच ठेवा.

सेलबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘सेल बदलला’ या दोन शब्दांत बरंच काही चुकलेलं असू शकतं. बहुतेक चाव्यांत सीआर २०३२ असतो. या आकड्यातले पहिले दोन अंक व्यास, म्हणजे २० मिलिमीटर, आणि शेवटचे दोन जाडी, म्हणजे ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ चा व्यास तोच, जाडी २.५. दोन्ही तीन व्होल्टचे. त्यामुळे दुकानदार ‘हाही चालतो’ म्हणून २०२५ देतो आणि तो बसतोही. पण ०.७ मिलिमीटरची पोकळी राहते. चावी हातात सरळ असेल तर आतला संपर्काचा पत्रा सेलला टेकतो, खिशात आडवी झाली की सुटतो. ‘कधी चालते, कधी नाही’ ही तक्रार अशा सेलमुळे येते आणि सेल नवा म्हणून त्याच्यावर कुणी संशयही घेत नाही. जुन्या सेलवरचा आकडा वाचा आणि नेमका तोच आणा.

नवा सेल मल्टिमीटरवर ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. दुकानात वर्षानुवर्षं लटकलेला सेलही तीनच्या वर दाखवू शकतो आणि चावीने संदेश पाठवायला जोर मागितला की कोसळतो. म्हणून नुसतं व्होल्टेज बघू नका. सेलच्या दोन टोकांमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर दोन सेकंद धरा आणि तेवढ्यात आकडा वाचा. अडीच व्होल्टच्या वर टिकला तर सेल सशक्त आहे, दोनच्या आसपास आला तर फेका. मल्टिमीटर अँपिअरवर लावून सेलला टेकवू नका, तो शॉर्ट होऊन वाया जातो.

बसवताना दोन्ही सपाट बाजू कोरड्या सुती कपड्याने पुसा. बोटांचा तेलकटपणा तर असतोच, शिवाय मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप असतो आणि तो काही चाव्यांत नीट संपर्क होऊ देत नाही. आतला पत्रा दबलेला असेल तर टूथपिकने अर्धा मिलिमीटर वर उचला. स्क्रूड्रायव्हरने नको, मोडतो. काढलेला सेल टेबलावर ठेवून देऊ नका: लहान मुलाने गिळला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका गंभीरपणे भाजू शकते. टेपमध्ये गुंडाळून लगेच घराबाहेर काढा, आणि गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

सेल नेमका, चावी नागडी, गाडीतला पसारा काढलेला, तरीही दोन्ही चाव्या अडखळतात? मग अँटेनांकडे वळा. गाडीत अशा अँटेना चार ते सहा असतात: पुढच्या दारांच्या हँडलमध्ये एकेक, मधल्या कन्सोलखाली, मागच्या सीटखाली किंवा डिकीत, आणि मागच्या बंपरच्या आत. कुठली आजारी आहे हे चावीच सांगते. चावी ड्रायव्हरच्या दारापासून अर्ध्या मीटरवर धरा आणि दुसऱ्याला हँडलचं बटण दाबायला सांगा. पाच वेळा. मग डाव्या दाराशी, मग डिकीशी. नंतर आत बसून चावी कपहोल्डरमध्ये, शेजारच्या सीटवर, पायाशी, मागच्या सीटवर, प्रत्येक ठिकाणी ठेवून तीन-तीनदा स्टार्ट करा. प्रत्येक ठिकाणी किती वेळा जमलं ते कागदावर लिहा. पुढे सीटवर ठेवली की सापडते आणि मागे ठेवली की नाही, असा ठरावीक नकाशा निघाला तर ती विशिष्ट अँटेना किंवा तिची वायर दोषी. चाचणी करताना लक्षात ठेवा: दार नीट लागलेलं नसेल, स्टार्ट बटण ऑफला नसेल किंवा दुसरी चावी आत राहिली असेल तर हँडलचं बटण मुद्दामच काम करत नाही.

एकाच दारावर बोंब असेल तर बऱ्याचदा अँटेनाही दोषी नसते, हँडलवरचं बटणच गेलेलं असतं. रबर उन्हाने तडकतं, पावसाचं पाणी आत जातं, आतला मायक्रोस्विच गंजतो. बटण दाबताना ‘टिक’ असा स्पष्ट आवाज आणि बोटाला ठेच जाणवायला हवी. मऊ, चिखलात बोट घातल्यासारखं वाटलं तर स्विच संपला. कोकणात आणि मुंबईत हे घाटावरच्यापेक्षा लवकर होतं, खारी हवा टाक्यांना खाते. स्पर्शाने चालणारं हँडल असेल तर पाण्याचा थर, हातमोजे किंवा हँडलवर लावलेली क्रोमची पट्टी यांनी ते गोंधळतं. पट्टी काढून बघा.

बंपरमधल्या अँटेनेचा कनेक्टर चाकाच्या चिखलाच्या फवाऱ्यात असतो. तो सोडवल्यावर पिनांवर हिरवट पूड दिसली तर काँटॅक्ट क्लीनरने धुऊन, वाळवून परत बसवा. आणि पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर हा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. मागच्या सीटखाली लेंड्या किंवा कापसाचा चुरा दिसला तर तिथली वायरिंग उघडल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. एक खबरदारी: अँटेनेला मल्टिमीटर लावून ओहम मोजले आणि ‘ओपन’ दाखवलं म्हणून ती मेली असं समजू नका. काही अँटेनांत कॉइलच्या ओळीत कपॅसिटर असतो, त्या चांगल्या असतानाही ओपनच दाखवतात. वायर तुटली आहे का हे मात्र कनेक्टरपासून मॉड्यूलपर्यंत मोजता येतं.

मॉड्यूलबद्दल निर्णय देणारी चाचणी ही. पुढच्या वेळी ‘की नॉट डिटेक्टेड’ आलं की ब्रेक दाबून चावी स्टार्ट बटणाला टेकवा. टोयोटाच्या गाड्यांत चिन्ह असलेली बाजू, होंडाच्या गाड्यांत ‘एच’ असलेली बाजू. ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत चावीनेच बटण दाबायचं. काही गाड्यांत बटणाऐवजी कन्सोलमध्ये किंवा कपहोल्डरच्या तळाशी ठरावीक जागा असते, मॅन्युअलमध्ये तिचं चित्र असतं. ती जागा अडचणीच्या वेळी शोधण्यापेक्षा आज शोधून ठेवा. टेकवल्यावर दर वेळी गाडी चालू होत असेल तर चावीची नोंद, इमोबिलायझर आणि इंजिनचा कंप्युटर यांच्यातली साखळी शाबूत आहे. मग महागड्या मॉड्यूलचा आग्रह धरणाऱ्याने आधी अँटेनेचा फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, दाखवावा.

इथे फॉल्ट कोड म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूलचा, दारं-दिवे सांभाळणाऱ्या कंप्युटरचा. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर इंजिनचे कोड वाचतो, हे बहुतेक वाचत नाही. त्यासाठी त्या कंपनीचा किंवा सर्व गाड्यांना चालणारा पूर्ण स्कॅनर लागतो. ‘सगळ्या मॉड्यूलचा रिपोर्ट प्रिंट करून द्या’ असं स्पष्ट सांगा.

बऱ्याच जणांचा घोटाळा वेगळाच असतो: चावी सापडलेली असते, पण गाडी चालू होत नाही, आणि दोष चावीवर येतो. ब्रेक न दाबता स्टार्ट दाबून बघा. डॅशबोर्ड उजळला तर गाडीने चावी ओळखली आहे. मग शोध ब्रेकच्या स्विचकडे न्या, मॅन्युअल गाडीत क्लचच्या स्विचकडे. मागचे ब्रेकचे दिवे लागतात का, कुणाला तरी बघायला सांगा. लागत नसतील तर स्विच किंवा फ्यूज. गाडी दोन-चार दिवस उभी असेल किंवा बंद गाडीत ब्रेक तीन-चारदा दाबला असेल तर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं कडक होतं. नेहमीच्या जोराने ते स्विच लागण्याइतकं खाली जातच नाही. दोन्ही पाय लावून दाबा आणि स्टार्ट करा.

स्टीअरिंग अडकलेलं असेल, म्हणजे चाकं वळलेली ठेवून गाडी लावली असेल, तर लॉकची खीळ ताणाखाली सुटत नाही. स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवत स्टार्ट दाबा. टोयोटाच्या स्वतःच्या बनावटीच्या गाड्यांत बटणावरचा हिरवा दिवा लुकलुकतो तो याच कारणासाठी. ऑटोमॅटिकमध्ये लीव्हर ‘पी’वरून ‘एन’वर टाकून एकदा प्रयत्न करा, चालू झाली तर गिअरच्या सेन्सरचं काम आहे.

आणि गाडीची मोठी बॅटरी. पाच वर्षांच्या गाडीत पहिलीच बॅटरी असेल तर ती थकलेली असणार. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी १२.६ व्होल्ट हवेत, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. स्टार्ट करताना ९.६ च्या खाली घसरली तर बदला. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. व्होल्टेज घसरलं की स्टार्टरच्या आधी मॉड्यूल गोंधळतात आणि खोटे मेसेज देतात, ‘की नॉट डिटेक्टेड’ हा त्यातलाच एक. मॉड्यूल बदलण्याआधी बॅटरीची लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, करून घ्या. तिला काही मिनिटं लागतात.

चावी ठेवायची जागाही महत्त्वाची. गाडी घराच्या भिंतीला लागून उभी आणि चावी त्याच भिंतीवरच्या खुंटीला असेल तर काही गाड्यांत दोघी रात्रभर एकमेकींना जागं करतात. चावीचा सेल आणि गाडीची बॅटरी दोन्ही झिजतात. किमान दोन-तीन मीटर अंतर ठेवा, टीव्ही आणि लॅपटॉपपासूनही दूर. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टोयोटाच्या बऱ्याच चाव्यांत लॉकचं बटण दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की चावी झोपते, दिवा चारदा लुकलुकतो. कुठलंही बटण दाबलं की जागी होते. नव्या गाड्यांपैकी काहींच्या चाव्या काही मिनिटं हलल्या नाहीत तर आपणहून झोपतात. टेबलावर पडलेली अशी चावी गाडीला सापडली नाही तर तो दोष नाही, हलवली की सापडते. हे चोरी रोखण्यासाठीच केलेलं असतं: दोन चोर, एक दाराशी आणि एक तुमच्या भिंतीशी, गाडीची हाक लांबवून चावीपर्यंत नेतात. झोपलेली किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेली चावी त्या हाकेला उत्तर देत नाही.

चावी पावसात भिजली तर बटणं दाबून बघू नका. लगेच उघडा, सेल काढा, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रश वापरून धुवा आणि एक दिवस पंख्याखाली वाळवा. तांदळात ठेवून टाक्यांवरचे क्षार जात नाहीत, आणि गंज त्यांच्यामुळेच धरतो.

गाडीला पुश स्टार्ट कंपनीने नाही, बाहेर बसवून घेतलेलं असेल, तर वरचं अर्धं गणित बदलतं. अशा अनेक किटमध्ये मूळ चावीची चिप स्टीअरिंगच्या कॉइलजवळ कायमची लपवलेली असते, म्हणजे मूळ इमोबिलायझर निकामी केलेला असतो. इग्निशनच्या जाड वायरांवर पिळून, टेप गुंडाळून केलेले सांधे गरम होतात आणि सैल पडतात. असा सांधा चालत्या गाडीत सुटला तर इंजिन बंद पडतं आणि पॉवर स्टीअरिंगही जातं. अडखळणारं बाहेरचं किट दुरुस्त करत बसू नका, काढून मूळ चावीवर परत या. माझं मत इथे पक्कं आहे.

शेवटी चावी बदलावीच लागली तर ऑनलाइन घेताना फ्रिक्वेन्सी तपासा. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेली त्याच मॉडेलची चावी अनेकदा ३१५ मेगाहर्ट्झची निघते आणि मग इथल्या गाडीशी कधीच बोलत नाही. दुसऱ्या गाडीला जोडलेली जुनी स्मार्ट कीही बऱ्याच कंपन्यांत पुन्हा नोंदवता येत नाही, चिप त्या गाडीला कायमची बांधली जाते. नोंदणीला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या बरोबर न्या. अनेक गाड्यांत नवी चावी नोंदवताना जुनी यादी पुसली जाते, आणि त्या वेळी हजर नसलेली चावी दार उघडेनाशी होते. काम झाल्यावर तिथेच उभं राहून प्रत्येक चावीने तिन्ही वाटा तपासा: बटण, हँडल, आणि सेल काढून स्टार्ट बटणाला टेकवणं. तिन्ही जमल्या की मगच बिलाचे पैसे द्या.